भिंतीतील भुसा

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्याला बखरी, दप्तरे, ताम्रपट आणि नाणी यांचीच आठवण होते. आणि ते साहजिकही आहे. ज्या शहरात १९१० साली राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाचा पाया घातला आणि जेथे पेशवे दप्तराचे रुमाल जपून ठेवलेले आहेत, त्या पुण्याने तरी कागदाला उणे लेखू नये. परंतु तो कागद लिहिणारा कारकून ज्या भिंतीला पाठ टेकून बसला होता, तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. वास्तविक ती भिंतही एक दस्तऐवजच आहे. भोवतालच्या रानात कोणते पीक निघे, त्यातले काय माणसाने खाल्ले, काय बैलाने खाल्ले आणि दोघांनीही नाकारलेले काय उरले, याची नोंद त्या भिंतीच्या चिखलात पडलेली आहे. शेतातील काडीकचऱ्याने आपल्या घरावरचे ऊन कसे अडविले, ते काम त्याच्याकडून कसे सुटले आणि आज ते त्याला पुन्हा सांगता येईल काय, एवढ्याच गोष्टीचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पुण्याच्या पेठांतील एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. जोते दगडाचे, त्यावर लाकडी खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, आणि खांबांच्या दरम्यान विटांची किंवा मातीची भिंत, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. सरदार-सावकारांच्या वाड्यांत भाजलेली वीट आणि चुना सढळ हाताने वापरीत. बेताच्या गृहस्थाचा चुना दर्शनी भागात संपे आणि आतला सारा कारभार पांढऱ्या मातीवर चाले. माळ्याचे आणि छपराचे ओझे बव्हंशी सांगाडा वाही. भिंतीने स्वतःचा भार सांभाळून ऊन, वारा आणि परक्याची नजर अडविली म्हणजे तिचे काम झाले. या भिंतीच्या मातीत भाताचे तूस, गव्हाचे भुसकट किंवा बारीक तोडलेले काड टाकीत, पाणी घालून ती मुरत ठेवीत आणि मग पायांनी तुडवून तिचा एकजीव गारा करीत. तोच गारा भिंतीत, तोच गिलाव्यात, आणि त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे जमिनीवरचे शेणामातीचे सारवण. वरच्या मजल्याची जमीनही पुष्कळ ठिकाणी मातीचीच असे. कडीपाटावर किंवा किलचांवर मातीचा थर देऊन ती चोपीत. पुण्याहून पूर्वेकडे, सोलापूर-मराठवाड्याच्या वाटेला लागले म्हणजे घराचे छप्परच मातीचे होते. त्याला कोठे धाबे म्हणतात, कोठे माळवद. तुळया, त्यांवर किलच, किलचांवर काटक्या आणि पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची घडण असते.

मातीत काड घालण्याचे पहिले कारण गवंड्याला विचारले तर तो भेगांचे सांगेल, आणि ते खरे आहे. ओली माती वाळताना आकसते व फाटते. काडाचे धागे तिला चोहोकडून धरून ठेवतात. दुसरे कारण वजनाचे; काड घातलेली भिंत हलकी होते. तिसरे कारण मात्र गवंड्याच्या तोंडी क्वचित येते, पण घरात राहणाऱ्याच्या अंगाला ते चांगले ठाऊक असते. ते कारण म्हणजे उष्णता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे जुन्या घरांच्या गारव्याविषयी पुष्कळ भोंगळ कौतुक ऐकू येते. भिंत दोन निराळ्या रीतींनी ऊन थोपविते. जाड, जड भिंत दिवसभर उष्णता पोटात साठविते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होते. देवळाचा दगडी चौथरा दिवेलागणीनंतरही ऊबदार लागतो तो याच कारणाने. पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे वैशाखातला दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो पण रात्र बहुधा बरीच उतरते, तेथे हा विलंब फार उपयोगी पडतो. दुसरी रीत गोधडीची. गोधडीला स्वतःची ऊब नसते; तिच्या थरांत अडकून पडलेली हवा हालत नाही आणि न हालणारी हवा उष्णतेला वाट देत नाही. काडाची नळी, तुसाचे होडीसारखे टरफल, उसाच्या चिपाडाचा भुसभुशीत गाभा या सर्वांत अशीच हवा कोंडलेली असते. कोरड्या पेंढ्याच्या थरातून जाणारी उष्णता तेवढ्याच जाडीच्या विटेतून जाणाऱ्या उष्णतेच्या सुमारे दहावा हिस्सा भरते; आणि सिमेंट-काँक्रीट तर विटेहूनही दुपटीच्या आसपास उदार आहे. वाड्याच्या भिंतीत माती पहिले काम करी आणि काड, जेवढे असेल तेवढे, दुसऱ्याला हातभार लावी. मातीच्या मानाने काड थोडे, म्हणून ही दुसरी मदत बेताचीच असे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाड्याचा गारवा हा मातीची जाडी, अंगणातला चौक, पडवीची सावली आणि भिंतीतले काड या सर्वांच्या एकोप्याचा होता.

ही विद्या पेशवाईतली नव्हे. ती फार जुनी आहे. अजिंठ्याची चित्रे ज्या गिलाव्यावर काढलेली आहेत तो गिलावा मातीचाच असून त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. वेरूळच्या बाराव्या लेण्यातील मातीच्या गिलाव्याचा अभ्यास पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी केला व २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू व तुकडे सापडले. अजिंठ्यास हे द्रव्य नाही, आणि तेथील गिलाव्याची किड्यांनी पुष्कळ नासाडी केली आहे. वेरूळचा गिलावा त्या मानाने तग धरून राहिला. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, कोणता कचरा मातीत घालावा याची निवड जुने कारागीर विचाराने करीत. दुसरी, काडाला कीड लागते ही आजच्या इंजिनियराची तक्रार दीड हजार वर्षांची जुनी असून तिच्यावर उपाय शोधण्याची खटपटही तेवढीच जुनी आहे.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. या विषयावर बोलणारे लोक ‘शेतातील टाकाऊ माल’ असा शब्द सहज वापरतात. आम्हास हा शब्द देशावरच्या इतिहासाशी विसंगत वाटतो. पुण्याच्या पूर्वेस शिरूर, दौंड, इंदापूर या बाजूला ज्वारी-बाजरीचे रान. तेथे ज्वारीचे ताट म्हणजे कडबा आणि कडबा म्हणजे बैलाचे वर्षाचे अन्न. तो टाकाऊ कधीच नव्हता. शेतकरी त्याच्या गंजीकडे धान्याच्या कणगीइतक्याच काळजीने पाही. पश्चिमेस मावळात भाताचा पेंढा गुरांना घालीत, आणि वाळला पालापाचोळा, शेण, गवत हे राब भाजण्यासाठी शेतात नेत. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जात किंवा त्यांचे कूड विणून वरून शेणमातीने लिंपीत. बाकी जे उरे ते उकिरड्यावर जाऊन पुढल्या वर्षी खत होई. म्हणजे काडीकचऱ्यावर हक्क सांगणाऱ्यांची एक रांगच होती. तिच्यात पहिला गोठा, मग चूल, मग शेत, आणि सर्वांच्या शेवटी घर उभे असे.

रांगेत शेवटी उभे राहिल्यामुळे घराच्या वाट्याला बहुधा तेच आले जे बैलाने हुंगून सोडून दिले. भाताच्या तुसात वाळूच्या जातीचे खनिज पुष्कळ असते; त्यामुळे ते गुरांना खाववत नाही, शेतात लवकर कुजत नाही आणि जळताना राखही फार ठेवते. जे गोठ्याला नको, उकिरड्याला नको, चुलीलाही फारसे नको, ते भिंतीला मात्र उत्तम, कारण न कुजणे आणि कोणी न खाणे हे भिंतीचे पहिले दोन गुण होत. गरजेने घातलेली ही वाटणी होती. पण तिच्यात शहाणपण होते हे मान्य केले पाहिजे.

ही रांग मोडली म्हणजे काय होते हेही इतिहासाने दाखविले आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांनी भोगला. अशा दुष्काळांत छपरावरचे जुने गवत ओढून गुरांपुढे टाकण्याची पाळी कुणब्यावर येई. सुकाळात जे घराचे छत्र, तेच अवकाळात बैलाचा अखेरचा घास! अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेब्रास्का प्रांतातील झाडे नसलेल्या माळावर लोकांनी पेंढ्याचे दाबलेले गठ्ठे विटांसारखे रचून घरे बांधली. त्यांत एक शाळाही बांधली होती. परंतु तिला ना कुंपण होते ना गिलावा, त्यामुळे गाईंनी ती खाऊन टाकली, असे सांगतात. आमच्याकडील शेतकऱ्याला या गोष्टीचे हसू येईल, पण नवल वाटणार नाही.

मग भिंतीतून भुसा गेला कसा? एका दिवसात तो गेला नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती यंत्रावरची कौले सर्वत्र पसरली. पन्हळी पत्रा आला. नंतर सिमेंट आले. यांपैकी प्रत्येकाने पावसाचा किंवा आगीचा त्रास कमी केला, आणि तो त्रास लहान नव्हता. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याचा भाग १८७९ साली जळाला. लाकूड आणि गवत यांच्या शहराला आगीचे भय किती होते हे त्यावरून समजावे. पत्र्याखाली बसणाऱ्याला ऊन सोसावे लागले, पण ठिणगीने घर गेले असे त्याला म्हणावे लागले नाही.

पुण्यापुरता अखेरचा घाव मात्र एका दिवसाचाच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण खचले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. जी भिंत ऐंशी-शंभर पावसाळे वरून झेलून उभी राहिली होती, ती तळातून भिजल्यावर तिने तासांचाही अवधी दिला नाही. कच्च्या मातीचा धर्मच तो. पाणी मिळाले की ती पुन्हा चिखल होते. सांगाडे उघडे पडले, वाडे बसले, संसार वाहून गेले. ज्या पिढीने हे पाहिले तिला मातीच्या भिंतीचे गुण कोणी सांगू नयेत, आणि तिने ते ऐकून घेतले नाहीत याचा दोषही तिला देऊ नये. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती या आपत्तीतून वाढल्या किंवा वसल्या, आणि पुण्याने वीट, सिमेंट व लोखंड यांचा कायमचा आश्रय घेतला.

तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या दिवशी हरले कोण? पाण्यापुढे माती हरली, भुसा नव्हे. परंतु दोघे एकाच गाऱ्यात होते, म्हणून एकाच्या अपराधाबद्दल दोघांनाही घराबाहेर काढण्यात आले. पक्क्या घराला दुसऱ्या कामासाठी, म्हणजे गोधडीच्या कामासाठी, निराळी योजना करावी लागते हे कोणाच्या ध्यानी आले नाही. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा गच्चीचा थर आणि त्याखाली झोपण्याची खोली, ही आजच्या पुण्यातील शेवटच्या मजल्याची स्थिती आहे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात तो मुख्यतः पाणी अडविण्यासाठी. ऊन अडविण्याचे काम यंत्राकडे दिले आहे, आणि त्या यंत्राचे बिल दरमहा येते.

चमत्कार असा की, ज्या काळात घराने भुशाची सोबत सोडली त्याच काळात भुशाचे खरे ढीग प्रथमच निर्माण झाले. पूर्वी घरोघरी उखळात भात कांडीत, तेव्हा तूस ओंजळीओंजळीने निघे. गिरण्या आल्यावर ते एका जागी डोंगराएवढे साचू लागले, कारण भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूसच असते. उसाचेही तसेच. १९३२ साली हिंदुस्थानातील साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि त्या सुमारास वालचंदनगर, माळीनगर येथील कारखाने उभे राहिले. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीने आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. पुढे असे कारखाने साऱ्या पश्चिम महाराष्ट्रभर झाले. प्रत्येकाच्या आवारात चिपाडाचा डोंगर आणि प्रत्येकाच्या शिवारात पाचटाचा थर! उसाचे हिरवे वाढे गुरे आवडीने खातात. वाळलेले पाचट त्यांना चालत नाही, म्हणून ते बांधावरून काडी लावून पेटवून देण्याची रीत पडली.

अमेरिकेत लुइझियाना प्रांतात याच चिपाडापासून उष्णता अडविणाऱ्या हलक्या फळ्या करण्याचा धंदा १९२० नंतर लगेच सुरू झाला आणि ‘सेलोटेक्स’ या नावाने त्या फळ्या जगभर गेल्या. म्हणजे ही कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. आपल्याकडे ती रुजली नाही याचे कारण अज्ञान एवढेच नाही. चिपाड हे कारखान्याच्या भट्टीचे हक्काचे जळण आहे. रस उकळायचा तो त्याच्यावर, आणि अलीकडे वीज काढून विकायची तीही त्याच्यावर. जुनी रांग येथे नव्या रूपाने पुन्हा दिसते. चुलीच्या जागी भट्टी आली, आणि घर मात्र पूर्वीप्रमाणे शेवटीच राहिले. पुण्यातच डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली काढलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली आणि २००२ साली तिला ॲश्डेन पारितोषिक मिळाले. फार चांगले काम झाले. पण तेही चुलीचेच. भाताचे तूस वीटभट्ट्यांत जळते. ज्या तुसाने भिंत थंड राहिली असती तेच तूस जाळून तापट विटा तयार होतात, यापेक्षा अधिक बोलका विरोधाभास शोधून सापडणार नाही.

तूस, चिपाड किंवा पाचट यांच्या फळ्या करण्याची विद्या आज आपल्याला अपरिचित नाही. बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने तुसाच्या फळ्यांची रीत बसविली आहे; फ्रान्समध्ये भांगेच्या झाडाचा गाभा चुन्यात कालवून भिंती भरण्याचा प्रघात गेल्या शतकाच्या अखेरीस पडला आहे, आणि तो आपल्या वेरूळच्या गिलाव्याचा दूरचा आप्तच होय. अडचणी आहेत त्या तीन: पाणी, वाळवी आणि आग. तिन्ही अडचणी जुन्याच असून तिन्हींवरचे तत्त्व एकच आहे. काडाला कोरडे ठेवावे, दाबून बसवावे आणि दोहों बाजूंनी चुन्याने वा मातीने झाकावे. सैल पेंढा भडकतो, पण दाबलेल्या व लिंपलेल्या पेंढ्यात हवा खेळत नसल्यामुळे आग सहज पसरत नाही. जोते उंच आणि छपराची वळचण लांब, हा वाड्याचा नियमही याच तत्त्वाचा. पुण्यातील काही तरुण वास्तुविशारद पुन्हा मातीची घरे बांधू लागले आहेत; सर्वांनी तसे करावे असे आमचे म्हणणे नाही. दहा मजल्यांची इमारत गाऱ्याने उभी राहणार नाही. परंतु तिच्या गच्चीखाली आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तुसाची वा चिपाडाची फळी बसविण्यास काँक्रीटची हरकत नसते. आज माती आणि भुसा यांची ताटातूट झालीच आहे, तर भार काँक्रीटने वाहावा आणि ऊन भुशाने अडवावे, ही वाटणी खांब आणि भिंत यांच्यातल्या जुन्या वाटणीपेक्षा फारशी निराळी नाही.

मात्र एक अट आमच्या मते कधीही विसरता कामा नये, आणि ती रांगेची आहे. शहरातील खोली गार करण्यासाठी कडब्याची गंजी विकत घेतली जाऊ लागली, तर पुढल्या दुष्काळात चारा-छावणीच्या दारात उभा असलेला शेतकरी आपल्याला दोष देईल, आणि तो योग्यच असेल. बैल जे खातो त्याला घराने हात लावू नये. मातीला परत जे गेले पाहिजे त्यालाही लावू नये. तूस आणि बांधावर जळणारे जादा पाचट, एवढ्यावर घराचा हक्क सांगता येतो, आणि तेवढे थोडे नाही. पूर्वीच्या गवंड्याने हा विवेक कोणत्या ग्रंथातून घेतला नव्हता. गोठा त्याच्या भिंतीपलीकडेच होता, आणि बैल उपाशी आहे की पोटभर, हे त्याला रात्री ऐकू येत असे. आपल्या घराची आणि गोठ्याची भिंत आता एक राहिलेली नाही. म्हणून जे त्याला कानाने कळे ते आपल्याला हिशेबाने समजून घेतले पाहिजे.